अमेरिकेतली चिल्लर आणि टोल : ठाणे-नवी मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर २०२४ पासून आनंदनगर, ऐरोली, वाशी या मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर कारला टोल नाही, आणि बाकी ठिकाणी फास्टॅग आपोआप पैसे कापून घेतो. त्यामुळे आपल्याला दोनच प्रकार माहीत: टोल आहे, किंवा नाही. अमेरिकेत भाड्याची गाडी घेतलीत की तिसरा प्रकार भेटतो. नाका दिसत नाही, आडवा दांडा नसतो, कुणी थांबवत नाही, तरी टोल लागलेला असतो. त्याचा निकाल गाडी ताब्यात घेतानाच लावायचा असतो, रस्त्यावर नाही. चिल्लरीचं काम त्यापेक्षा सोपं, म्हणून आधी ते उरकू.

नाणी

रोजच्या वापरातल्या अमेरिकन नाण्यांवर किंमत आकड्यात छापलेली नसते, शब्दांत असते. दहा सेंटच्या नाण्यावर तर ‘वन डाइम’ एवढंच लिहिलेलं असतं. डाइम म्हणजे दहा सेंट हे तुम्हाला आधी माहीत असायला हवं. शिवाय आकारावरून किंमत ओळखायला गेलात तर हमखास फसाल.

पेनी म्हणजे १ सेंट, तांबूस, लिंकनचा चेहरा. निकेल म्हणजे ५ सेंट, चंदेरी, जाडसर, कड गुळगुळीत, सुमारे २१ मिलिमीटर. डाइम म्हणजे १० सेंट आणि सगळ्यांत लहान: जेमतेम १८ मिलिमीटर, पेनीपेक्षाही छोटा. हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. डाइम पूर्वी चांदीचा असायचा आणि किमतीएवढी चांदी त्यात बसवायची म्हणून तो लहान राहिला. निकेल चांदीचा नव्हता, म्हणून तो मोठा असला तरी चाललं. क्वार्टर म्हणजे २५ सेंट, सुमारे २४ मिलिमीटर, आपल्या नव्या पाच रुपयांच्या नाण्याहून किंचित लहान. डाइम आणि क्वार्टर दोघांच्या कडेला बारीक खाचा असतात. खिशात न बघता ओळखायचं तर कडेवर नख फिरवा: खाचा आहेत आणि नाणं लहान तर डाइम, मोठं तर क्वार्टर, खाचाच नाहीत आणि नाणं जाड तर निकेल.

क्वार्टरच्या मागची चित्रं बघून गोंधळू नका. १९९९ ते २००८ मध्ये पन्नास राज्यांची पन्नास चित्रं आली, नंतर राष्ट्रीय उद्यानं, मग कर्तबगार स्त्रिया. सगळे क्वार्टर २५ सेंटचेच. अर्ध्या डॉलरचं नाणं सहसा हातात येत नाही. सोनेरी रंगाचं एक डॉलरचं नाणं मात्र एखाद्या यंत्रातून सुट्टे म्हणून पडतं. ते क्वार्टर समजून देऊन टाकू नका.

पेनी नोव्हेंबर २०२५ पासून चलनासाठी पाडणं बंद झालं आहे. हातातल्या पेन्या चालतात, पण दुकानात त्यांची चणचण असते. त्यामुळे रोखीने दिलं तर काही ठिकाणी बिल जवळच्या पाच सेंटला आणतात. कार्डाने दिलं तर अगदी सेंटपर्यंत कापतात.

चिल्लर साचते ती विक्रीकरामुळे. मांडणीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यू जर्सीत कर ६.६२५ टक्के, म्हणजे ४.९९ ची वस्तू गल्ल्यावर ५.३२ होते. सहा डॉलर दिलेत तर ६८ सेंट परत: दोन क्वार्टर, एक डाइम, एक निकेल, तीन पेन्या. सहाऐवजी पाचाची नोट, एक क्वार्टर, एक निकेल आणि दोन पेन्या द्या, खिसा हलका होतो. मागे रांग असेल तेव्हा हा खेळ करू नका, तिथले लोक घाईत असतात.

क्वार्टर मात्र जपून ठेवा. कपडे धुण्याची यंत्रं, जुने पार्किंग मीटर, पेट्रोल पंपावरची हवा भरायची यंत्रं, काही दुकानांतल्या सामानाच्या ढकलगाड्या: हे सगळं क्वार्टरवर चालतं. बँकेत चाळीस क्वार्टरची गुंडाळी दहा डॉलरला मिळते. बाकीची नाणी परतायच्या आधी संपवा, कारण गोखले रोडवर काय किंवा वाशीत काय, परकीय चलनवाले नोटा परत घेतात, नाणी घेत नाहीत. सुपरमार्केटमधलं नाणी मोजणारं यंत्र रोख देताना दहा टक्क्यांहून जास्त कापतं. त्याच यंत्रातून गिफ्ट कार्ड घेतलं तर बहुधा काही कापत नाही.

नोटांबद्दल एकच: सगळ्या एकाच आकाराच्या आणि जवळपास एकाच रंगाच्या. एकची आणि शंभरची वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा. ठाण्यात डॉलर घेताना शंभराच्याच नोटा पुढे करतील. पाच, दहा आणि वीसच्या आग्रहाने मागा, कारण टोलच्या खिडकीवर शंभरची नोट नकोशी असते.

टोल

जुन्या प्रवासमार्गदर्शकांत ‘टोलसाठी क्वार्टरची गुंडाळी गाडीत ठेवा’ असं लिहिलेलं असतं. ते आता फारसं उपयोगाचं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख घेत नाहीत, मॅसॅच्युसेट्समध्ये २०१६ पासून, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक आणि न्यूयॉर्क स्टेट थ्रूवे या टोलच्या महामार्गांवर २०२० पासून. वरच्या कमानीवरचा कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल गाडीमालकाकडे जातं. भाड्याच्या गाडीचा मालक म्हणजे भाडेकंपनी. पैसे तिथूनच सुटायला लागतात.

रोख चालते अशी ठिकाणं उरली आहेत. न्यूअर्क विमानतळावरून गाडी घेऊन एडिसनला मुलाकडे जाणाऱ्यांना लागतो तो न्यू जर्सी टर्नपाइक हे त्यातलं ठळक. १३ए नंबरच्या एक्झिटवरून चढायचं, यंत्रातून तिकीट घ्यायचं, १० नंबरच्या एक्झिटला उतरताना खिडकीत तिकीट आणि पैसे द्यायचे. खिडकी चालकाच्या डाव्या हाताला येते, कारण स्टिअरिंग डावीकडे. तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबून आलात असं धरून पूर्ण टोल लावतात. कार्ड चालेल असं गृहीत धरू नका, सुट्टे ठेवा. वर जांभळा फलक असलेली लेन फक्त टॅगवाल्यांची. रोखवाल्यांनी ‘कॅश’ लिहिलेली लेन आधीच पकडायची. चुकून टॅगच्या लेनमध्ये शिरलात तर थांबू नका आणि रिव्हर्स तर अजिबात घेऊ नका. मागून गाड्या वेगात येतात. सरळ पुढे जा, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा, नंतर त्या रस्त्याच्या वेबसाइटवर नंबरप्लेट टाकून भरा.

अख्ख्या देशाला एक फास्टॅग, तशी सोय तिथे नाही. पूर्वेकडची आणि मध्यपश्चिमेतली बरीच राज्यं ई-झीपास या टॅगवर चालतात. फ्लोरिडात सनपास, कॅलिफोर्नियात फास्ट्रॅक, टेक्ससचे वेगळे. काही एकमेकांकडे चालतात: इलिनॉयचा आय-पास ई-झीपासच्या रस्त्यांवर चालतो, सनपासचा ‘प्रो’ प्रकारही. कॅलिफोर्नियाचा न्यूयॉर्कला चालत नाही. म्हणून आधी मार्ग ठरवा, मग टॅगचा विचार करा.

गाडी घेताना काउंटरवर तीन प्रश्न विचारा. टोलची योजना (कंपनी टोल भरून तुमच्याकडून वसूल करते ती) आपोआप लागू आहे का? तिची रोजची फी ज्या दिवशी टोल लागला त्याच दिवसाची की भाड्याच्या प्रत्येक दिवसाची? आणि जास्तीत जास्त किती? ही फी टोलाहून वेगळी असते, साधारण दिवसाला ५ ते १० डॉलर. दोन-अडीच डॉलरच्या टोलासाठी आठवड्याची फी भरणारे पुष्कळ असतात. एखादाच टोल लागणार असेल तर गूगल मॅप्समध्ये ‘टोल टाळा’ लावून बघा; वीस मिनिटं जास्त लागत असतील तर लागू देत. पण न्यूयॉर्कच्या भोवती रोज फिरणार असाल तर कंपनीची योजना घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं. पुढच्या काचेवर चौकोनी डबी असेल तर ती उघडी आहे की बंद हे बघा. बऱ्याच गाड्यांत डबी उघडली की टॅग चालू आणि फीही चालू.

मुलाचा ई-झीपास भाड्याच्या गाडीत नेता येतो, पण नुसता काचेला चिकटवून भागत नाही. त्याच्या खात्यात भाड्याच्या गाडीचा नंबर, राज्य आणि तारखा घालायला हव्यात. टॅग वाचला गेला नाही तर नंबरप्लेटवरून खातं सापडतं. नंबर नोंदवलेला नसेल तर बिल कंपनीकडे आणि वर तिची प्रशासकीय फी. एकाच गाडीत दोन टॅग उघडे ठेवू नका, दोन्ही वाचले जाऊ शकतात. कंपनीची डबी बंद ठेवा.

ऑर्लँडोला जाणाऱ्यांसाठी वेगळी चांगली सोय आहे. तिथल्या विमानतळावर ‘व्हिजिटर टोल पास’ मिळतो: अॅपमध्ये गाडीचा नंबर आणि कार्ड नोंदवायचं, यंत्रातून टॅग घ्यायचा, आरशाला अडकवायचा, परतताना पेटीत टाकायचा. रोजची फी नाही, फक्त टोल. डिस्नेला जाणाऱ्या ठाणेकरांनी दुसरं काही शोधू नये.

मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी नेली तर ५ जानेवारी २०२५ पासून वेगळा आकार आहे. गर्दीच्या वेळी कारला ई-झीपासने ९ डॉलर, त्याशिवाय १३.५०. पूल-बोगद्याचा टोल निराळा. त्या भागात गाडी न्यायची हौस नकोच. न्यू जर्सीतून ट्रेनने जा.

महामार्गाच्या डाव्या कडेला ‘एक्सप्रेस’ लेन दिसली तर मोकळी आहे म्हणून घुसू नका. तिथला टोल गर्दीप्रमाणे बदलतो, आणि दोन किंवा तीन माणसं असल्यास मिळणाऱ्या सवलतीलाही बहुतेक ठिकाणी खास टॅग लागतो. लेनच्या कडेला दुहेरी पांढरी रेघ असेल तर ती ओलांडायची नाही.

तिथलं सिमकार्ड घेतलंत की ‘तुमचा टोल थकला आहे, लिंकवर भरा’ असे मेसेज येऊ शकतात. या फसवणुकीबद्दल एफबीआयने एप्रिल २०२४ मध्येच इशारा दिला आहे. लिंक उघडू नका. शंका असेल तर रस्त्याच्या मूळ वेबसाइटवर जाऊन नंबरप्लेट टाकून बघा.

गाडी परत करताना नंबरप्लेटचा फोटो काढा, राज्याचं नाव दिसेल असा, आणि वेळ छापलेली पावती जपून ठेवा. मुलाच्या ई-झीपास खात्यातून गाडीचा नंबर त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर ती गाडी नंतर भाड्याने घेणाऱ्या माणसाचा टोल मुलाच्या खात्यातून जाईल. कंपनीकडून आलेला टोल मात्र तुमच्या क्रेडिट कार्डावर काही आठवड्यांनी दिसतो, तेव्हा ठाण्याला परत आल्यावर पुढची दोन बिलं नीट वाचा. रक्कम पटली नाही तर कंपनीकडे तारीखवार तपशील मागा आणि गाडी परत केल्यानंतरच्या वेळेचा टोल त्यात असेल तर पावती जोडून परत मागा.