लाइटच्या पोलाशिवाय घर: आगोटीआधीची तयारी

कोकणातलं घर सूर्य आणि वाऱ्याच्या विजेवर चालवायचं तर पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर ही नावं दुकानदारच पाठ म्हणून दाखवतो, त्यांचं सोडा. तो जे सांगत नाही ते यादीत सगळ्यात वर लिहा: पवनचक्कीचा ब्रेक स्विच. चक्कीकडून येणाऱ्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडून चक्की थांबवणारा, कंट्रोलरच्या अलीकडे बसणारा स्विच. तो खांबावर नको, माळ्यावर नको, बॅटरीच्या मागे तर नकोच. पडवीच्या दाराशी, पाऊस लागणार नाही आणि रात्री चाचपडत सापडेल अशा जागी हवा. पॅनेलची वायर काढली तर पॅनेल गप्प पडून राहतं. चक्कीचा लोड काढला की ती मोकाट सुटते, व्होल्टेज चढत जातं, कंट्रोलर जळतो आणि मग पाती.

पण आधी चक्की हवी का ते ठरवा. घर माडांच्या वाडीत, खाली खळग्यात असेल तर घेऊच नका, तेवढ्या पैशांत दोन पॅनेल वाढवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते, आणि निम्मा झाला की आठवा हिस्सा उरतो. दोन मीटर व्यासाची चक्की सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात जेमतेम ३५ वॅट देते, ८ मीटरला २८० च्या आसपास. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, समुद्राकडे मोकळी बाजू असेल तर मात्र तिला अर्थ आहे, कारण जून ते ऑगस्ट जेव्हा सूर्य दिसत नाही तेव्हाच वारा असतो. देवगडच्या पवनचक्क्या सड्यावर आहेत त्या उगाच नव्हे. खांब आजूबाजूच्या शंभरेक मीटरमधल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा ९ मीटर वर जायला हवा. घराच्या भिंतीला चक्की बांधू नका, हादऱ्याने कौलं सरकतात आणि शाकारणी वाया जाते.

हिशेब लोडपासून. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ३० वॅटचे, जुने ७५ चे. जुने काढून टाका. तीन पंखे, सहा दिवे, फ्रीज, मिक्सर, राउटर आणि अर्धा तास एक एचपीचा पंप मिळून दिवसाला साडेतीन युनिट धरा. पंप चालू होताना कित्येक पट करंट ओढतो, म्हणून इन्व्हर्टर किमान ३ किलोवॅटचा घ्या आणि पंप दुपारीच चालवा. इस्त्री, गीझर, इंडक्शन यांचा विचार सोडा.

पॅनेल ५४० वॅटची चार. उन्हाळ्यात रोज आठ-नऊ युनिट येतील आणि माणूस खूश होतो. जुलैच्या झडीत तीच पॅनेल एखाद्या दिवशी दीड युनिटही देत नाहीत. हिशेब जुलैचा करा, एप्रिलचा नाही. जोडणी दोन-दोनच्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक. तीन सिरीजमध्ये घेऊ नका: एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीच न जोडता येणारं, ४९-५० असतं, तिघांचं दीडशेला टेकतं, आणि जानेवारीच्या थंड सकाळी त्याच्याही वर जातं. पॅनेलचा कंट्रोलर १५० व्होल्टचा असेल तर तिथेच संपला. कंट्रोलर ६० अँपिअरचा घ्या. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, १६ ते १८ अंश कलतं. माडाच्या एका झावळीची सावली अख्ख्या सिरीजचं उत्पादन पाडते, आणि वरून नारळ पडला तर काच गेलीच.

स्ट्रक्चर गरम बुडवून जस्त चढवलेलं, किमान ८० मायक्रॉन. नुसतं रंगवलेलं लोखंड खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढत नाही. नटबोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस. ३०४ चे किनाऱ्यावर तांबूस डाग धरतात. पॅनेलची ॲल्युमिनियम फ्रेम आणि जस्ताची पट्टी यांच्यामध्ये रबरी वॉशर हवा, नाहीतर खारट ओलीत दोन धातू एकमेकांना खातात. वायरी पाइपातून न्या. वानरं पॅनेलवर बसतात ते चालेल, पण लोंबती वायर दिसली की ओढतात. डीसी बाजूला, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीकडे, डीसीचाच एमसीबी लावा. घरातला एसी एमसीबी डीसीची ठिणगी विझवू शकत नाही, आतल्या आत वितळतो.

बॅटरी लिथियम फॉस्फेट, ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या दोन. मिळून दहा युनिट, वापरायला आठ, म्हणजे दोन दिवसांची बेगमी. ट्युब्युलर (जुनी शिसं-ॲसिडची) स्वस्त पडते, पण निम्मीच वापरायची, डिस्टिल्ड वॉटर घालत राहायचं आणि खोलीला वरून हवा ठेवायची. लिथियमसोबत चक्की असेल तर नीट वाचा: बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारं सर्किट, बॅटरी भरली की स्वतःच संबंध तोडतो, आणि चक्कीच्या दृष्टीने ते बॅटरी उपटून काढण्यासारखंच आहे. म्हणून डम्प लोड, म्हणजे जादा वीज जाळून टाकणारा रेझिस्टर हवा, आणि तो बीएमएसने तोडायच्या आधी चालू व्हायला हवा. बीएमएस ५८.४ व्होल्टला तोडत असेल तर डम्प ५६ ला लावा. एक किलोवॅटच्या चक्कीला अडीच ओहमचा, दीड किलोवॅट सोसणारा रेझिस्टर. जांभ्याच्या भिंतीवर, लाकूडफाटा आणि पेंढ्यापासून लांब, कारण तो चांगलाच तापतो. डम्प लोड आहे म्हणून ब्रेक स्विच नको असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. डम्प लोडही जळतो. मग उरतो तो ब्रेक स्विचच.

आणि ब्रेक म्हणून साधा चेंजओव्हर (इकडून तिकडे फिरवायचा स्विच) लावू नका. त्याच्या मधल्या 'ऑफ'वर खटका राहिला की चक्की ना कंट्रोलरला, ना ब्रेकला. सगळ्यात वाईट जागा ती. चक्कीच्या वायरी कंट्रोलरला लागलेल्याच राहू द्या, स्विचने त्यांना फक्त एकत्र आणायचं. ६३ अँपिअरचा, तीन पोलचा घ्या. वायर कलई केलेल्या तांब्याची, लग (वायरीच्या टोकाचे धातूचे डोळे) दाबून बसवलेले, वर पेट्रोलियम जेली. एका लगवर हिरवट पूड धरली की त्या वायरीचा जोड सुटतो. मग ब्रेक मारल्यावर चक्की सावकाश थांबण्याऐवजी गुरगुरत, हिसके देत फिरते. तो आवाज आला की त्याच दिवशी लग बदला. महिन्यातून एकदा हलक्या वाऱ्यात स्विच टाकून बघा. काही सेकंदांत पाती रेंगाळायला हवीत.

अर्थिंग जांभ्यात अवघड. वरून ओलसर दिसणारा सडा मे महिन्यात ठणठणीत कोरडा असतो, म्हणून रोध मेमध्येच मोजा. ऑगस्टचा आकडा फसवा. एक रॉड पुरत नाही. तीन मीटरचे तीन, एकमेकांपासून तीन मीटरवर, भोवती बेंटोनाइट माती, सगळे एका पट्टीने जोडलेले. चक्कीचा खांबही त्याच पट्टीला. मीठ घालायची जुनी सवय सोडा, रॉड खातं. पॅनेलच्या आणि चक्कीच्या दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक झटका जमिनीत सोडणारे, हवेत. वीज मे-जूनला पडते आणि परतीच्या पावसातही, हे ऑक्टोबरमध्ये विसरायला होतं.

खांबाचे ताण, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या तारा, गंजलेले नकोत. ताणाचा खुंट नुसता जांभ्यात ठोकून भागत नाही, काँक्रीटचा ठोकळा घाला. ताण आवळायच्या टर्नबकलना तारेचा फास मारा, नाहीतर हादऱ्याने आपोआप सैल होतात. खांब आडवा करता येईल असाच घ्या.

हे सगळं मृगाची वाट न बघता मेच्या मध्याला आटपायचं. तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात किनाऱ्याजवळून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दोन्ही मृगाच्या आधी. वादळाचा इशारा आला की वारा चढायच्या आत ब्रेक. आत. भर वाऱ्यात मारलेला ब्रेक चक्की थांबवेलच असं नाही, आणि वाइंडिंग तापून जळतं. ब्रेक, मग खांब आडवा, मग पाती दोरीने बांधा. खांब आडवा करायला तीन माणसं लागतात. ती त्या दिवशी आपापल्या घरी असणार, तेव्हा आदल्या दिवशी बोलवा.

बाकी भराभर. इन्व्हर्टर समुद्राकडच्या पडवीत नको, आतल्या खोलीत. जाळीतून पाली आणि मुंग्या शिरतात, बारीक जाळी लावा. पॅनेलखाली गांधीलमाश्यांचं पोळं बघून मगच हात घाला. पॅनेल पहाटे गोड्या पाण्याने धुवा. पावसात खालच्या कडेला शेवाळ धरतं, ते पुसा. दोन केव्हीएचा जनरेटर आणि बॅटरी चार्जर ठेवा. पेट्रोल फार दिवस साठवू नका, पाणी धरतं. जादा फ्यूज, दोन एमसीबी, लग, मल्टिमीटर. चार दिवस घर बंद करून मुंबईला निघालात तर ब्रेक टाकूनच. बॅटरीला पान्हा लावण्याआधी ब्रेक. कंट्रोलर उघडण्याआधी ब्रेक. पुन्हा जोडताना बॅटरी पहिली, मग पॅनेल, आणि ब्रेक सगळ्यात शेवटी सोडायचा.