गुडघ्याची झीज आणि घाईचे हात: या चुका टाळा

गुडघ्याच्या झिजेचा पेशंट टेबलावर आडवा झाला रे झाला की नव्या फिजिओथेरपिस्टचा हात घोट्याकडे जातो आणि गुडघा वाकवणं सुरू होतं. पेशंटलाही तेच हवं असतं. ‘मांडी घालून बसता आलं पाहिजे’ ही मागणी पहिल्याच दिवशी येते. पण गुडघा पुरता सरळ होतोय का, हे बघायला कुणाला सवड नसते. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

एक काकू दुसरीकडून आमच्याकडे आल्या होत्या. तिथे त्यांना पालथं झोपवून टाच कुल्ल्याला टेकेपर्यंत दाबायचे. ‘ओरडले तरी सोडत नव्हते हो,’ म्हणाल्या. गुडघा गरम, वाटीच्या वर टम्म सूज. घरी आराम वाटतो म्हणून रात्रंदिवस गुडघ्याखाली उशी. त्यांना उताणं निजवलं तर गुडघ्यामागच्या लवणेखालून माझा अख्खा तळवा आरपार जात होता. असा किंचित वाकलेला गुडघा घेऊन माणूस उभा राहिला की मांडीच्या पुढच्या स्नायूला क्षणभरही सुट्टी नसते. मग संध्याकाळी पाय भरून येतात आणि दोष जातो वयाला.

आम्ही वाकवणं बंद केलं. उशी काढली, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली, वाटी हलकेच वर सरकवत राहिलो. सूज ओसरल्यावर नडगीचं हाड मागून पुढे सरकवायला घेतलं. गुडघा सरळ होऊ लागला आणि गंमत म्हणजे न दाबता थोडा वाकूही लागला. वाकवायचंच असेल तर दिशा उलटी: वाटी खाली, नडगी मागे. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, टेबलापाशी आल्यावर विसरतात.

दुसरी चूक, ‘दुखलं म्हणजे लागू पडलं’. ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी हात किती चालवायचा याच्या ग्रेड ठरवून दिल्या त्या उगीच नाही. एक आणि दोन दुखणं कमी करण्यासाठी, सांधा अडायच्या अलीकडेच थांबणाऱ्या. तीन आणि चार आखडलेपणासाठी. सुजलेल्या गुडघ्यावर चौथी ग्रेड म्हणजे आगीत तेल. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीत तर थेरपिस्टने हाताने दाब धरलेला असताना पेशंट स्वतः हालचाल करतो, आणि तेव्हा दुखताच कामा नये. दुखलं तर दाबाची दिशा थोडी बदलून बघायची. आमची मंडळी जोर वाढवतात. मी पहिल्या भेटीत मुद्दाम कमीच करतो आणि रात्र कशी गेली ते दुसऱ्या दिवशी विचारतो. पेशंट कुरकुरतो, ‘आज काही केलंच नाहीत.’ कुरकुरू दे.

वाटी सरकवताना ती आत हाडावर दाबू नका. झिजलेल्या गुडघ्यात ते नुसतं खरवडणं होतं.

‘कट्’ आवाज आला म्हणून ‘हाड बसलं’ असं सांगू नका. झिजेत काही बसायचं-उठायचं नसतं.

खुबा तपासल्याशिवाय गुडघ्याला हात लावू नका. खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं.

हाताने मोकळं करून पेशंटला तसाच घरी पाठवणं हा शॉर्टकट तर सर्रास चालतो. २०२० साली अमेरिकेत १५६ पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीस स्टिरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं आणि हालचाल जास्त सुधारलेली होती. त्याचे दाखले देणारे एक विसरतात: त्या फिजिओथेरपीत हातांच्या जोडीला व्यायामही होता. टेबलावरून उतरल्या उतरल्या मी पेशंटला खुर्चीतून उठ-बस करायला लावतो. मिळालेली हालचाल तिथल्या तिथे वापरली नाही तर दुसऱ्या दिवशी गुडघा पुन्हा पूर्वीसारखा आखडून येतो.

आणि गुडघा लाल, तापलेला, अंगात ताप असेल किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर हात लावूच नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा, ‘आधी थोडं चोळून द्या’ असा आग्रह झाला तरी.