एलिझाबेथच्या दरबारातली भांडणं कशी वाचायची (तीन रॉबर्टांत न हरवता)

इंग्लंडची राणी एलिझाबेथ पहिली म्हटलं की बहुतेक जण १५८८ च्या स्पॅनिश आरमाडापाशी (इंग्लंडवर चालून आलेलं स्पेनचं आरमार) थांबतात, पण खरी मजा त्याच्या पुढच्या पंधरा वर्षांत आहे आणि नेमकी तीच वाचताना डोक्याचा भुगा होतो. मी पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा कितीतरी पानं रॉबर्ट डडली आणि रॉबर्ट डेव्हरो हा एकच माणूस समजून वाचली, मग आधीच वारलेला माणूस परत राणीशी भांडतोय कसा म्हणून सगळं मागे जाऊन वाचावं लागलं. तर ज्यांना हे वाचायचंय त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगतो, एक वही आणि पेन लागतं बास.

पहिल्या पानावर तीन रॉबर्ट लिहा. डडली म्हणजे लेस्टरचा अर्ल (अर्ल हा सरदारकीचा किताब), राणीचा जुना लाडका, सप्टेंबर १५८८ मध्ये गेला. डेव्हरो म्हणजे एसेक्सचा अर्ल, त्याच डडलीचा सावत्र मुलगा, देखणा, तापट आणि गळ्यापर्यंत कर्जात. तिसरा रॉबर्ट सेसिल, बुटका, पाठीला बाक असलेला, राणी त्याला पिग्मी म्हणायची, आणि त्याचा बाप विल्यम सेसिल म्हणजेच लॉर्ड बर्ली, जो राणीसोबत १५५८ पासून होता. आपल्या कामाचे शेवटचे दोन रॉबर्ट, एसेक्स आणि सेसिल, भांडण त्यांचंच.

तारखांची एक भानगड आधीच सांगून ठेवतो. तेव्हा इंग्लंडात नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे आपण ज्याला फेब्रुवारी १६०१ म्हणतो ते जुन्या कागदांत फेब्रुवारी १६०० असतं. शिवाय स्पेनचं कॅलेंडर दहा दिवस पुढे, त्यामुळे एकाच लढाईच्या दोन तारखा दिसल्या तर लेखकाला शिव्या घालू नका.

आता मुख्य काम. चार रकाने आखा: तारीख, रिकामी झालेली खुर्ची, ती कोणाला मिळाली, आणि त्या दिवशी एसेक्स कुठे होता. चौथा रकाना सोडला तर सगळी मेहनत वाया, कारण माझ्या मते हे भांडण धर्माचं किंवा धोरणाचं जेवढं होतं त्यापेक्षा जास्त नेमणुकांचं होतं. पगार असून असून किती असणार, खुर्चीसोबत जी माणसं लावता येतात आणि जे वरचे पैसे येतात त्यासाठी सगळा आटापिटा.

भरून बघू. हेरखातं सांभाळणारा वॉल्सिंगहॅम एप्रिल १५९० मध्ये वारला आणि सेक्रेटरीचं, म्हणजे राणीच्या मुख्य सचिवाचं पद मोकळं झालं. राणीने ते तब्बल सहा वर्षं भरलंच नाही, काम रॉबर्ट सेसिल करत होता पण नाव नाही, आणि एसेक्स तिथे आपली माणसं पुढे करत राहिला. जुलै १५९६ मध्ये सेसिलला पद मिळालं. चौथा रकाना? एसेक्स स्पेनमध्ये कादिझ जिंकून बसलेला, परत आला तर निकाल लागलेला. पुढे ऑगस्ट १५९८ मध्ये बर्ली वारला, त्याच्याकडचं कोर्ट ऑफ वॉर्ड्स मोकळं झालं, म्हणजे अज्ञान वारसांच्या इस्टेटी बघणारं खातं, पैशाची खाण (इंग्रजांनी पुढे आपल्याकडे जहागीरदारांच्या इस्टेटींसाठी आणलं त्याचं नाव तिथलंच). एसेक्सला ते हवं होतं, मिळालं सेसिलला, मे १५९९ मध्ये. एसेक्स तेव्हा आयर्लंडमध्ये.

जुलै १५९८ मधला कानाखाली मारल्याचा किस्सा सगळे सांगतात, की एसेक्सने भर बैठकीत राणीकडे पाठ फिरवली, तिने कानाखाली वाजवली आणि त्याचा हात तलवारीकडे गेला. पण वाद कशावरून हे कोणी सांगत नाही. बंड पेटलेल्या आयर्लंडला कारभार बघायला कोणाला पाठवायचं! राणी म्हणत होती एसेक्सच्या मामाला, म्हणजे विल्यम नॉलिसला, आणि एसेक्स म्हणत होता सेसिलच्या दोस्ताला, जॉर्ज कॅर्यूला. म्हणजे दोघांनाही माहीत होतं की ती पनिशमेंट पोस्टिंग आहे, दरबारातून माणूस हलला की त्याची बाजू लंगडी. आणि शेवटी गेला कोण, तर एसेक्स स्वतः, सोळा हजारांवर फौज घेऊन. तिथे बंडखोरांचा म्होरक्या टायरोन याच्याशी परस्पर तह केला आणि परवानगी न घेता परत येऊन २८ सप्टेंबर १५९९ ला सकाळी चिखलाच्या कपड्यांत थेट राणीच्या बेडरूममध्ये घुसला, ती विगशिवाय, अजून तयार झालेली नव्हती. तिथून त्याचं संपलंच.

पैशासाठी वेगळं पान ठेवा. स्पेनशी युद्ध १५८५ पासून, आयर्लंड वेगळं, १५९४ पासून चार वर्षं पिकं बुडालेली, पार्लमेंटकडून कर पुरत नाही म्हणून राजघराण्याच्या जमिनी विकणं चालू. रोख नाही म्हणून राणी माणसांना मक्ते, म्हणजे एखाद्या मालाचा धंदा एकट्यानेच करायचा हक्क वाटायची, मीठ, स्टार्च, अगदी पत्ते सुद्धा. १६०१ च्या पार्लमेंटमध्ये यावरून एवढा गोंधळ झाला की तिला बरेच मक्ते रद्द करावे लागले, आणि पत्त्यांचं नाव निघालं तेव्हा राणीचा दरबारी वॉल्टर रॅले लाल झाला म्हणतात, पत्त्यांचा मक्ता एडवर्ड डार्सीचा असला तरी दुसरे मक्ते रॅलेकडेही होते.

एसेक्सचा मक्ता गोड वाइनवरच्या जकातीचा होता, तो १६०० च्या शरदात संपला आणि राणीने पुन्हा दिला नाही. ही ओळ दोन्ही पानांवर लिहा, कारण सावकार दारात आले आणि ८ फेब्रुवारी १६०१ ला हा दोन-तीनशे माणसं घेऊन लंडनच्या रस्त्यावर उतरला. शहर काही उठलं नाही. त्या सकाळी समजूत घालायला आलेल्या चार बड्या लोकांना त्याने घरात कोंडून ठेवलं होतं, त्यात एक मामा नॉलिस. २५ तारखेला टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात एसेक्सचं डोकं उडवलं.

सरावाला मार्च १५९७ घ्या. लॉर्ड कोबॅम वारला, सिंक पोर्ट्सचं (इंग्लंडच्या किनाऱ्यावरची काही बंदरं) पद मोकळं, एसेक्सला ते रॉबर्ट सिडनीसाठी हवं (हो, चौथा रॉबर्ट, सॉरी), मिळालं कोबॅमच्या मुलाला, जो सेसिलचा मेहुणा. चौथ्या रकान्यात मात्र लिहावं लागतं, लंडनमध्येच. रुसून निघाला होता, राणीने परत बोलावून तोफखान्याचं पद हातात ठेवलं.