विकृतिशास्त्राचे प्रात्यक्षिक कसे करावे: आधी वर्णन, मग नाव

विकृतिशास्त्राच्या, म्हणजे रोगामुळे अवयवांत व ऊतींत होणाऱ्या बदलांच्या अभ्यासाच्या, प्रात्यक्षिकाला नव्याने बसलेला विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यापूर्वीच शेजाऱ्याला विचारतो, "ही कसली स्लाइड आहे?" प्रश्न स्वाभाविक असला तरी शिकण्याचा क्रम तेथेच उलटा होतो. नाव आधी कळले की डोळा त्या नावाला साजेसे तेवढेच शोधतो, ते सापडले की थांबतो, आणि बाकीची स्लाइड न पाहताच पुढच्या विद्यार्थ्याकडे जाते. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वर्गात एक नियम कसोशीने पाळावा: जे दिसते त्याचे शब्दांत वर्णन केल्याशिवाय रोगाचे नाव उच्चारू नये. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या एका नियमातूनच निघतात.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी त्या अवयवाची निरोगी रचना पुन्हा पाहावी. ज्याला निरोगी यकृतातील मध्यवर्ती शीर आणि पोर्टल भाग (जेथून रक्त यकृतात शिरते तो भाग) वेगळे ओळखता येत नाहीत, त्याला यकृताचा विकार नेमका कोणत्या भागात आहे हे कधीच सांगता येणार नाही, आणि यकृताच्या बाबतीत अर्धे निदान त्या 'कोणत्या भागात' या प्रश्नाच्या उत्तरातच असते. शक्य असेल तेथे निरोगी ऊतीची स्लाइड मागून घेऊन शेजारी ठेवावी व दोन्ही आळीपाळीने पाहाव्यात. पाठ्यपुस्तकातील रोगाचे प्रकरण मात्र प्रात्यक्षिकानंतर सविस्तर वाचले तरी चालते. माझ्या मते ते नंतर वाचलेलेच अधिक लक्षात राहते, कारण तोवर वाचणाऱ्याच्या मनात स्वतःचे प्रश्न तयार झालेले असतात.

स्लाइड कशी तयार होते हे एकदा प्रयोगशाळेत उभे राहून पाहावे. ऊती १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केली जाते, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन तिच्यातील पाणी काढले जाते, झायलीनने ते अल्कोहोल काढले जाते, मग ती वितळलेल्या पॅराफिन मेणात मुरवून तिचा ठोकळा केला जातो आणि मायक्रोटोमवर साधारण ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतले जातात. शेवटी हिमॅटॉक्सिलिन केंद्रकांना निळा-जांभळा रंग देते आणि इओसिन पेशीद्रवाला व तंतूंना गुलाबी रंग देते. या प्रक्रियेची माहिती केवळ तोंडी परीक्षेपुरती नसते. मेदयुक्त यकृताच्या स्लाइडमध्ये मेद दिसत नाही, गोल, स्वच्छ पोकळ्या दिसतात, कारण अल्कोहोल आणि झायलीन यांनी मेद विरघळवून नेलेला असतो. तो प्रत्यक्ष दाखवायचा असेल तर गोठवलेल्या ऊतीचा काप घेऊन ऑइल रेड ओसारखे रंजक वापरावे लागते. त्याचप्रमाणे कापाला पडलेली घडी, मायक्रोटोमच्या पात्याची रेघ, ऊती आकसल्यामुळे पडलेल्या भेगा आणि आम्लधर्मी झालेल्या फॉर्मॅलिनमुळे रक्ताळलेल्या भागात साचलेले काळपट-तपकिरी कण हे रोगाचे नसून हाताळणीचे परिणाम असतात, हे ज्याने प्रक्रिया पाहिली आहे त्याला लगेच कळते.

आता प्रत्यक्ष स्लाइड पाहण्याकडे वळू. स्लाइड हातात आली की ती प्रथम पांढऱ्या कागदावर धरून उघड्या डोळ्यांनी पाहावी. ऊतीचा आकार, ती भरीव आहे की पोकळ, एका बाजूला आवरण आहे का, एखादा पट्टा इतरांपेक्षा निळसर किंवा फिकट आहे का, हे सारे भिंगाशिवाय दिसते. निळसर पट्टा म्हणजे तेथे केंद्रकांची गर्दी आहे. फिकट गुलाबी पट्टा म्हणजे तेथे केंद्रके कमी आहेत किंवा नाहीशी झाली आहेत. त्यानंतर कव्हरस्लिपची (ऊती झाकणाऱ्या पातळ काचेची) बाजू वर आहे याची खात्री करून स्लाइड मंचावर ठेवावी. ती उलटी ठेवली गेली तर कमी शक्तीच्या भिंगाखाली सर्व ठीक वाटते, पण ४० पटींच्या भिंगाखाली चित्र स्पष्टच होत नाही, आणि फोकस जुळवण्याच्या खटपटीत काच फुटते.

४ पटींच्या भिंगाखाली संपूर्ण ऊती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नांगरलेल्या शेतातील तासांप्रमाणे, ओळीने फिरून पाहावी. वर्गातील बहुतेक चुका या टप्प्याला फाटा दिल्याने होतात. विद्यार्थी थेट ४० पटींच्या भिंगावर जातो, एखादी मोठी पेशी पाहून घाबरतो किंवा हरखतो, आणि ती पेशी ऊतीच्या कोणत्या भागात आहे हेच त्याला सांगता येत नाही. कमी शक्तीवर तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत: हा अवयव कोणता, त्याची रचना टिकून आहे का, आणि बिघाड सर्वत्र पसरलेला आहे की काही जागीच आहे. मग १० पटींवर त्या बिघडलेल्या जागा आणि विशेषतः त्यांच्या कडा पाहाव्यात, कारण निरोगी आणि रोगट भाग जेथे भेटतात तेथेच रोगाची चाल सर्वांत स्पष्ट दिसते. गाठीला आवरण आहे की ती शेजारच्या ऊतीत घुसते आहे, हे कडेवरच ठरते. ४० पटींचे भिंग सर्वांत शेवटी, एखाद्या ठरावीक प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वापरावे. मोजपट्टी म्हणून लाल रक्तपेशी स्लाइडमध्येच उपलब्ध असते: तिचा व्यास सुमारे ७ मायक्रॉन असतो, तेव्हा एखादे केंद्रक 'मोठे' आहे असे मोघम लिहिण्याऐवजी ते लाल पेशीच्या तिप्पट आहे असे लिहावे.

वर्णन कसे करावे हे मूत्रपिंडाच्या इन्फार्क्टच्या, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागाच्या, उदाहरणाने स्पष्ट होईल. उघड्या डोळ्यांना आवरणाच्या बाजूला रुंद आणि आत निमुळता होत गेलेला फिकट भाग दिसतो. ४ पटींवर त्या भागातही ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ) आणि नलिका यांच्या बाह्यरेषा ओळखू येतात, पण त्या शेजारच्या निरोगी भागापेक्षा एकसारख्या गुलाबी दिसतात. १० पटींवर लक्षात येते की त्या पेशींमध्ये केंद्रकेच उरलेली नाहीत, आणि निरोगी भागाच्या सीमेवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा व फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा पट्टा आहे. आता या वर्णनामागचे कारण मांडावे. रक्तपुरवठा तुटल्याने पेशी मेल्या, पण त्यांच्यातील प्रथिनांबरोबर त्यांना विरघळवणारी विकरेही निकामी झाल्यामुळे मृत पेशींचा साचा काही दिवस जागच्या जागी टिकून राहिला; रक्तवाहिनी टोकाकडे पंख्यासारखी फाटे फोडत जाते म्हणून मृत भाग पाचरीसारखा आहे. एवढे लिहून झाल्यावर 'कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस' हे नाव लिहावे. या क्रमाने गेलेला विद्यार्थी प्लीहेतील इन्फार्क्ट पूर्वी पाहिलेला नसतानाही ओळखतो.

नाव देतानाही वर्णनाच्या पलीकडे उडी मारू नये. एपिथेलिऑइड पेशींचा (रूप बदललेल्या भक्षक पेशींचा) पुंजका, त्याभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे कडे, घोड्याच्या नालेसारखी केंद्रके मांडलेल्या लँगहॅन्स महापेशी आणि मध्यभागी रचनाहीन, दाणेदार गुलाबी भाग दिसला की विद्यार्थी तत्काळ 'क्षयरोग' लिहितो. स्लाइड मात्र एवढेच सांगते की हा केसिएशन (चीजसारखा मृत भाग) असलेला ग्रॅन्युलोमायुक्त, म्हणजे अशा पुंजक्यांचा, दाह आहे. क्षयरोग हे त्याचे सर्वांत परिचित कारण असले तरी काही बुरशीजन्य संसर्गांतही असेच चित्र दिसते, म्हणून झील-नील्सन रंजनात निळ्या पार्श्वभूमीवर लाल जिवाणू शोधावे लागतात. विशेष रंजनांचा अभ्यास याच पद्धतीने करावा: प्रत्येक रंजन कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे लिहून ठेवावे. ऊतीतील तपकिरी रंगद्रव्य लोहाचे आहे का, याचे उत्तर पर्ल्सचे निळे रंजन देते. पेशींबाहेरील एकसारखा गुलाबी पदार्थ ॲमिलॉइड (ऊतीत साचणारे विकृत प्रथिन) आहे का, याचे उत्तर काँगो रेड आणि ध्रुवित प्रकाशात दिसणारी हिरवी झाक देते.

प्रत्येक स्लाइड ही आजाराच्या प्रवाहातील एका क्षणाची नोंद असते, हे ध्यानात ठेवून तिच्यावर वेळ वाचायला शिकावे. हृदयाच्या इन्फार्क्टमध्ये पहिले काही तास साध्या सूक्ष्मदर्शकाला जवळजवळ काहीच दिसत नाही. साधारण १ ते ३ दिवसांत न्यूट्रोफिल दाटतात, आठवड्याच्या अखेरीपर्यंत मॅक्रोफेज या भक्षक पेशी मृत तंतू उचलू लागतात, त्यानंतर नव्या केशवाहिन्यांची कोवळी ऊती भरते आणि सुमारे दोन महिन्यांत तेथे कोलॅजेनचा व्रण उरतो. अशा मालिकेच्या दोन-तीन स्लाइड मिळाल्या तर त्यांवरील वय झाकून स्वतः क्रम लावून पाहावा. दाह आणि ऊतींची दुरुस्ती यांचा अभ्यास करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

संग्रहालयातील बरण्यांकडे परीक्षेच्या आठवड्यापर्यंत कोणी फिरकत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. रोगाचे मूळ अवयवात शोधण्याची दृष्टी इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ मोर्गान्यी यांच्या १७६१ मधील ग्रंथाने रुजवली आणि ते मूळ पेशीपर्यंत नेण्याचे काम जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खो यांनी १८५८ मधील व्याख्यानांतून केले. विद्यार्थ्यानेही बरणी आधी आणि स्लाइड नंतर या क्रमाने जाणे श्रेयस्कर आहे. बरणीतील नमुन्याचे वर्णन करताना अवयव, आकार व मापे, बाहेरचा पृष्ठभाग, कापलेला पृष्ठभाग, विकृतीची संख्या, जागा आणि कडा एवढे लिहावे. रंगावर फार विसंबू नये, कारण फॉर्मॅलिनमध्ये मूळ रंग उडून नमुना राखाडी-तपकिरी होतो आणि जपणुकीच्या द्रावणांनी तो काही अंशीच परत येतो. रचना मात्र टिकते. रक्तवाहिनीतील गुठळी भिंतीला घट्ट चिकटलेली, कोरडी आणि फिकट-गडद थरांची असेल तर ती जिवंतपणी वाहत्या रक्तात तयार झालेली आहे. मृत्यूनंतर साकळलेले रक्त लिबलिबीत असते आणि भिंतीपासून सहज सुटते. दीर्घकाळ रक्त तुंबलेल्या यकृताचा काप जायफळाच्या कापासारखा ठिपकेदार दिसतो. तेथे गडद ठिपके मध्यवर्ती शिरांभोवतीचे आणि फिकट भाग पोर्टल बाजूचा असतो, हे ठरवून लगेच त्याच अवयवाची स्लाइड पाहिली की उघड्या डोळ्यांना दिसलेले ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली ओळखीचे वाटतात.

रक्ताच्या प्रात्यक्षिकात डोळ्याइतकेच हाताला वळण लागते. रक्ताचा छोटा थेंब स्लाइडच्या टोकाजवळ ठेवून पसरवणारी काच ३० ते ४५ अंशांच्या कोनात धरावी आणि एकाच संथ, न अडखळणाऱ्या गतीने पुढे न्यावी. रक्तक्षय असलेल्या पातळ रक्तासाठी कोन थोडा वाढवावा, घट्ट रक्तासाठी कमी करावा. पटल पूर्ण वाळल्यावरच लेशमन रंजक घालावे. पहिली एक-दोन मिनिटे ते विरळ न करता ठेवावे, कारण त्यातील मिथेनॉल पेशींना स्थिर करते, आणि त्यानंतर दुप्पट बफर पाणी मिसळून ७ ते १० मिनिटे थांबावे. पाहण्याची जागा निवडणे हे या प्रात्यक्षिकातील खरे कौशल्य आहे. जाड भागात लाल पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात आणि अगदी टोकाला त्यांचा मध्यभागीचा फिकटपणा नाहीसा होतो, म्हणून जेथे पेशी एकमेकींना जेमतेम स्पर्श करतात तेवढाच पट्टा वापरावा. तेथे मधला फिकट भाग पेशीच्या व्यासाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा असेल तरच पेशींत हिमोग्लोबिन कमी असल्याचे लिहावे. पांढऱ्या पेशींची वर्गवारी करताना फक्त कडेने किंवा फक्त मधून मोजू नये, कारण न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या मोठ्या पेशी कडांकडे व टोकाकडे ओढल्या जातात.

न्यूबॉवर कक्षातील (चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेवरील) पांढऱ्या पेशींच्या मोजणीत सूत्र पाठ करण्यापेक्षा ते एकदा स्वतः मांडावे. कोपऱ्यांतील चार चौकोन प्रत्येकी १ चौरस मिलिमीटरचे, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे एकूण ०.४ घन मिलिमीटर. रक्त २० पट विरळ केलेले असल्याने मोजलेल्या पेशींना ५० ने गुणावे लागते. हे एकदा कागदावर केले की गुणक विसरण्याची भीती राहत नाही. मूत्रपरीक्षणाविषयी एकच सूचना पुरेशी आहे: न रंगवलेला गाळ पाहताना कंडेन्सर (मंचाखालचे प्रकाश एकवटणारे भिंग) खाली करून प्रकाश कमी करावा, अन्यथा मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार झालेले पारदर्शक नळीसदृश साचे उजेडात दिसतच नाहीत.

शवविच्छेदन पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. तेथे शांतता व मृत व्यक्तीविषयीचा आदर सांभाळावा, छायाचित्र घेऊ नये, आणि आजाराचा इतिहास आधी वाचून कोणत्या अवयवात काय सापडावे याचा अंदाज लिहून ठेवावा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जेथे फरक पडतो तेथे विचारलेला प्रश्न वर्षभराच्या व्याख्यानांइतका उपयोगी ठरतो.

जर्नलमधील आकृती स्लाइड समोर ठेवूनच काढावी. पुस्तकातील किंवा मागील वर्षीच्या जर्नलमधील आकृती उतरवली तर हात चालतो, पण डोळा रिकामा राहतो. गुलाबी आणि जांभळी अशा दोन पेन्सिली पुरतात. आकृती सुंदर असण्याची गरज नाही. पेशींचे परस्पर प्रमाण, त्यांची मांडणी आणि सीमा बरोबर हव्यात. प्रत्येक आकृतीखाली तीन ओळी लिहाव्यात: काय दिसले, ते तसे का झाले, आणि त्यामुळे रुग्णाला कोणता त्रास होत असेल. वर्णनातून कारणाकडे आणि कारणातून रुग्णाकडे जाण्याचा सराव या तिसऱ्या ओळीमुळे होतो, म्हणून वेळ कमी असला तरी ती गाळू नये.

संगणकावरील डिजिटल स्लाइड उजळणीसाठी उत्तम आहेत, कारण त्या घरीही उघडता येतात आणि संपूर्ण गट एकच जागा पाहून चर्चा करू शकतो. तेथेही लहान प्रतिमेपासून सुरुवात करण्याची शिस्त सोडू नये. मात्र फोकस जुळवणे, प्रकाश साधणे आणि तेलभिंग वापरून झाल्यावर पुसून ठेवणे हे काम पडद्यावर शिकता येत नाही.

उजळणी दोघांनी मिळून करावी. एकाने स्लाइडवरील चिठ्ठी झाकून ती मंचावर ठेवावी आणि दुसऱ्याने नाव न घेता दोन मिनिटे मोठ्याने वर्णन करावे. ऐकणाऱ्याने स्लाइड न पाहता, फक्त त्या वर्णनावरून निदान सांगायचे. निदान चुकले तर वर्णनातील कोणता शब्द गाळला गेला किंवा चुकीचा वापरला गेला हे दोघांनी स्लाइडकडे परत जाऊन शोधावे, आणि ती स्लाइड आठवड्याभराने पुन्हा काढावी.