कोजागिरी ते तुळशीचं लग्न: दवाखान्याची तयारी

कोजागिरीपासून लक्ष्मीपूजनाला पंधरवडा उरतो. दिवाळीतलं दवाखान्याचं बहुतेक काम या पंधरवड्यातच उरकायला हवं, कारण वसुबारस उजाडली की आपलं कुणी ऐकत नाही. पुढची यादी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मंडळींसाठी आहे. घरात गोळ्यांचा डबा असलेल्यांनीही ती वाचायला हरकत नाही.

सगळ्यात आधी नावं काढायची. ‘दिवाळीत आरोग्याची काळजी घ्या’ असा फलक लावून आजवर कुणाची साखर उतरलेली नाही. त्यापेक्षा वहीच्या एका पानावर लिहून काढावं: इन्सुलिन घेणारे कोण, हृदय कमजोर म्हणून लघवीची गोळी चालू असलेले कोण, वर्षभरात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळी, बसलेले कोण, डायलिसिसवर कोण, दम्याची मुलं कुठली, सातव्या-आठव्या महिन्याच्या गर्भवती कोण आणि एकटे राहणारे म्हातारे कोण. साध्या दवाखान्यातही हे पान भरतं. दिवाळीच्या आठवड्यात रात्री-अपरात्री जे येतात, त्यांतले बरेचसे या पानावर आधीच असतात. नर्सबाई किंवा आशाताईंनी प्रत्येकाला एक फोन करायचा आणि दोनच प्रश्न विचारायचे: गोळ्या किती तारखेपर्यंत पुरतील आणि दिवाळीला तुम्ही कुठे असणार?

पहिल्या प्रश्नामागे साधं कारण आहे. मेडिकलवाले सणातही थोडा वेळ दुकान उघडतात, पण त्यांना माल देणारे होलसेलर सलग काही दिवस बंद असतात. दुकान उघडं आणि नेमकी आपली गोळी नाही, असं होतं. म्हणून धनत्रयोदशीच्या आधी प्रत्येकाच्या घरात निदान तीन आठवड्यांच्या गोळ्या असाव्यात. नेहमीच्या कंपनीची नाही मिळाली तर त्याच औषधाची दुसरी चालते, पण त्यासाठी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं लिहिलेलं हवं. हे आपलं काम आहे, पेशंटचं नाही. स्टेंटवाल्यांना मात्र स्पष्ट सांगून ठेवावं की रक्त पातळ ठेवायच्या दोन्ही गोळ्या एक दिवसही सोडायच्या नाहीत. गोळी संपली म्हणून चार दिवस थांबलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘गावाला जाणार’ असं आलं की पुढचं काम वाढतं. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायची. उघडलेली बाटली किंवा पेन सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे चालतं. प्रवासात ते हातातल्या पिशवीत असावं. गाडीच्या डॅशबोर्डवर नको, बर्फात पुरलेलं तर मुळीच नको, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. याहून मोठा घोळ सिरिंजचा होतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा 40 युनिटचं (एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट) असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. सिरिंज घरी विसरली म्हणून गावच्या दुकानातून मिळेल ती घेतली की डोस बदलतो. 100 च्या बाटलीला 40 ची सिरिंज लावली, तर 20 च्या खुणेपर्यंत ओढलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात 50 युनिट भरतं. तेव्हा जाणाऱ्याच्या पिशवीत बाटलीबरोबर पुरेशा सिरिंजही आपल्या डोळ्यांदेखत घालायच्या.

लघवीच्या गोळीचीही अशीच गत होते. एसटीत सोय नाही म्हणून प्रवासाच्या दिवशी ती गोळी चुकवली जाते, विशेषतः बायकांकडून, आणि हे त्या आपल्याला सांगत नाहीत. आपणच विचारायचं आणि गोळीची वेळ बदलून द्यायची: सकाळी सातची गोळी गावी पोचल्यावर दुपारी घ्या, पण घ्या. अशा पेशंटच्या घरी वजनकाटा असेल तर रोज सकाळी वजन करायला सांगावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर तो फराळ अंगी लागलेला नसतो, अंगात पाणी साठलेलं असतं. त्याच दिवशी फोन यायला हवा.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं हा वेगळाच विषय आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, काहींची दिवाळी कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच होते, आणि माणसं परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाला. त्यांना ‘पुढच्या महिन्यात दाखवा’ हे सांगण्यात अर्थ नाही. मुकादमाची गाडी निघायच्या आधी देता येतील तितक्या जास्त दिवसांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या द्याव्यात. मूळ नावांची चिठ्ठी आणि तिचा मोबाईलवर फोटो द्यावा. गर्भवतीचं माता-बाल संरक्षण कार्ड आणि बाळाचं लसीकरणाचं कार्ड तिच्या हातात द्यावं, कपाटात ठेवायला सासूकडे नको. टीबीची औषधं चालू असतील तर नि-क्षय या टीबीच्या सरकारी नोंदणीतला क्रमांक कागदावर लिहून द्यावा आणि ज्या भागात जाणार तिथल्या केंद्राला कळवावं. बाळाचा पुढचा डोस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतो, हे पुष्कळ आयांना माहीतच नसतं.

आता फराळ. ‘गोड खाऊ नका’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं ऐकल्यासारखं करून लोक घरी जाऊन लाडू खातात आणि मग पुढचे दोन महिने तोंड दाखवत नाहीत. परवानगी द्यावी, मापासकट: एका वेळी एक गोड, एक तिखट, आणि त्या जेवणातली एक पोळी किंवा भात कमी. तिखटाकडे आपलं लक्ष कमी जातं. चकली, शेव, चिवडा, कडबोळी यांत मीठ भरपूर असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. बीपीवाले लाडू टाळून दिवसभर चिवडा खातात आणि पथ्य पाळल्याच्या समाधानात असतात. शहरातून आलेला मुलगा कमी सोडियमचं मीठ घेऊन येतो, त्याचंही विचारावं. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना, किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी घेणाऱ्यांना, ते विचारल्याशिवाय चालत नाही. भेट आलेला सुक्या मेव्याचा डबाही डायलिसिसवाल्यांसाठी नाही. त्यांची सणातली पाळी कुठल्या दिवशी आहे हे सेंटरला विचारून आत्ताच लिहून घ्यावं.

साखर वाढण्याची सगळ्यांना भीती असते. उतरण्याची कुणाला नसते. नरकचतुर्दशीला पहाटे उठणं, अभ्यंगस्नान, सहाला फराळ, नेहमीची साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी, मग पाहुण्यांच्या नादात जेवायला तीन. दोनच्या सुमाराला दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. साखर 70 च्या खाली गेली की तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. हाताशी आहे म्हणून बेसनाचा लाडू देतात, पण तुपामुळे त्यातली साखर रक्तात यायला वेळ लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून तरतरी आली तरी अशा पेशंटला लगेच घरी सोडू नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांना एकच सांगणं पुरे: उठल्याबरोबर गोळी, मग आंघोळ, मग फराळ.

‘फराळ बाधला’ या दोन शब्दांची मला दिवाळीत सगळ्यात जास्त धास्ती वाटते. छातीत जळजळ, करपट ढेकर, अस्वस्थपणा. माणूस सोडा पितो, ओवा चघळतो आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरात विघ्न नको म्हणून रात्र काढतो. यातली काही जळजळ हृदयाची असते. घाम फुटला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, चालल्यावर वाढलं, दम लागला, तर ॲसिडिटी समजून घरी थांबायचं नाही. मधुमेह असलेल्यांना आणि पुष्कळ बायकांना ठळक कळ येतही नाही. नुसता थकवा, मळमळ, धाप. म्हणून चाळिशीपुढच्या कुणीही सणात पोटाच्या वरच्या भागाची तक्रार सांगितली तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. त्याच्या कागदाची गुंडाळी आत्ताच तपासा. चघळायची ॲस्पिरिन टेबलाच्या खणात हवी. जवळ अँजिओप्लास्टी कुठे होते आणि दिवाळीच्या रात्री तिथे कोण असतं, हे आधी फोन करून विचारलेलं असावं. घरच्यांना हे आधी सांगितलेलं असलं की रात्री अकराला दार वाजवायला त्यांना संकोच वाटत नाही.

दम्याचा हंगाम फटाक्यांच्या आधीच, माळा झाडायला काढल्यावर सुरू होतो. वर्षाची धूळ, रंगाचा वास, गाद्या झटकणं. ज्यांचा रोजचा प्रतिबंधक पंप ‘आता बरं आहे’ म्हणून बंद झालाय, त्यांचा पंप कोजागिरीलाच पुन्हा सुरू करायला लावावा, कारण त्याचा पूर्ण गुण यायला दिवस लागतात. पंपावरचा उरलेल्या डोसांचा आकडा बघावा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, आणायला सांगून पंप कसा ओढतात ते समोर करून घ्यावं. निम्म्यांचं तरी चुकतं. अटॅक आला तर सालब्युटामॉलचे, म्हणजे लगेच आराम देणाऱ्या पंपाचे, स्पेसरमधून एकेक करून 4 पफ, वीस मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा 4 आणि थेट दवाखाना. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण सापाच्या गोळीतून निघाले होते. आवाज नाही म्हणून आपण नेमकी तीच लहान मुलांच्या हातात देतो आणि ती वाकून, तोंड जवळ नेऊन पेटवतात. माळ्यावर चढणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना खाली उतरवणं हेही याच यादीत येतं. खुब्याचं हाड मोडलं तर वर्ष जातं.

भाजण्याबद्दल थोडक्यात. वाहत्या नळाखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. अंगठी-बांगड्या सूज येण्याआधी काढायच्या. न उडालेल्या अनारावर वाकायचं नाही, हे मुलांना सांगावंच, पण उडवून बघणारे बहुधा काका आणि मामा असतात. डोळ्याला काही लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, मनाने थेंब घालायचे नाहीत. वरून कागदी कप उलटा धरून त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. नुसती फटाक्याची दारू किंवा राख डोळ्यात उडाली असेल तर मात्र आधी भरपूर पाण्याने धुवायचं. दवाखान्याच्या कपाटात सलाईन, पॅराफिनची जाळी, धनुर्वाताची इंजेक्शनं, नेब्युलायझरची औषधं, 25 टक्के ग्लुकोज, ओआरएस आणि भरलेला ऑक्सिजन सिलेंडर हवा. सिलेंडरचा काटा स्वतः बघावा, कंपाउंडरच्या ‘आहे’वर विसंबू नये.

घर बंद करून गावी जाणाऱ्यांना डेंग्यूची आठवण करून द्यावी. पावसाळ्यानंतरचे हेच महिने त्याचे असतात, आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे दिवाळीची सुट्टीच. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कूलर, कुंडीखालची ताटली रिकामी करून घासून ठेवायची, कारण अंडी कोरड्या भांड्याला चिकटून महिनोन् महिने तग धरतात. सणात ताप आला तर पॅरासिटामॉलच. अंगदुखीची दुसरी कुठलीही गोळी किंवा इंजेक्शन नको.

खव्याची मिठाई आणली त्याच दिवशी संपवावी. सुट्ट्या मिठाईपुढे ‘कधीपर्यंत खावी’ याची तारीख लावणं 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीचं आहे, तेव्हा नसेल तर विचारावं. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट कपात कालवून मुलाला पाजणं धोक्याचं आहे.

एकट्या म्हाताऱ्यांचं काम गोळ्यांनी होत नाही. धनत्रयोदशीच्या आसपास काही आजी-आजोबा ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगत येतात. मुलं अमेरिकेत किंवा पुण्यात, यंदा येणार नाहीत. त्या दिवशी शेवटचा नंबर त्यांना द्यावा, म्हणजे बसता येतं. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलंय तिथे फराळ तळत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात. आशाताईंनी त्या घरी रिकाम्या हाताने का होईना, जाऊन यावं. झोप उडाली असेल, जगण्यात रस नाही अशी भाषा येत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहून देऊन भागत नाही. तिथे बसून लावून द्यावा.

ज्यांची मुलं येतात, त्यांना मुलासुनेसकट, सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन भाऊबिजेच्या आत बोलवा. एकच गोळी दोन नावांनी चालू असलेली त्या पिशवीतच सापडते. मोतीबिंदूचं ऑपरेशन, ऐकू येण्याचं यंत्र, रात्री सोबत कोण, हे निर्णय वर्षभर ‘पोरगा आला की बघू’वर अडलेले असतात. पोरगा आलेला असतो तेव्हा आपण दवाखाना बंद करून कोकणात गेलेलो असतो, ही आपल्या धंद्यातली गंमत आहे. सुट्टी घ्यावीच, पण आपल्या जागी कोण बघणार त्यांचं नाव आणि फोन दारावर मोठ्या अक्षरात लावून.

तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात वजन, बीपी आणि उपाशीपोटीची साखर तपासायला सगळ्यांना परत बोलवावं. ‘एचबीए1सी’ ही रक्ततपासणी यासाठी करू नये. ती तीन महिन्यांचा हिशोब सांगते, एका आठवड्याच्या करंज्यांचा नाही, आणि पेशंटचे पैसे जातात. साखर 300 च्या वर असेल किंवा उलट्या, धाप, गुंगी असेल तर त्याच दिवशी उपचार. नुसती जरा वाढलेली दिसली तर गोळी लगेच वाढवायची नाही. डब्यातला फराळ संपून दोन आठवडे रोजचं जेवण होऊ द्यावं आणि मग पुन्हा मोजून ठरवावं.