ट्वायलाइट पहिल्यांदा बघताय? मग असं बघा

मावसबहीण परवा म्हणाली, ताई ट्वायलाइट बघू का, सगळे हसतात त्याला. म्हटलं बघ की, पण मी सांगते तसं बघ. तिला जे सांगितलं तेच इथे टाकतेय. (ट्वायलाइट म्हणजे बेला ही शाळेतली मुलगी आणि एडवर्ड हा व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारा, यांची लव्हस्टोरी.)

पहिलं म्हणजे पुस्तक आधी. स्टेफनी मेयरचं, २००५ चं. अख्खं पुस्तक बेला सांगते आणि सगळी मजा तिच्या डोक्यात काय चाललंय त्यात आहे, सिनेमात ती नुसती ओठ चावत बसते आणि न वाचलेल्याला वाटतं हिला काय झालंय नेमकं. मी कॉलेजात असताना ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचलं, उतरायचं होतं कोपरखैरण्याला आणि डोकं वर केलं तर तुर्भे! अगदीच पूर्ण होत नसेल तर बेला पोर्ट एंजेलिस या जवळच्या शहरात जाते तिथपर्यंत तरी वाचा.

दुसरं, जुलैत बघा. खरंच. गोष्ट घडते फोर्क्समध्ये, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, तिथे वर्षभर पिरपिर चालू, आणि उन्हात कलन लोकांची, म्हणजे एडवर्डच्या व्हॅम्पायर कुटुंबाची, कातडी चमकते म्हणून तर ते असल्या ढगाळ गावात येऊन राहिलेत. पावसात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलेल्या माणसाला तो ओला हिरवा अंधार वेगळा समजवावा लागत नाही. शूटिंग बरंचसं ऑरेगनमध्ये झालंय आणि दिग्दर्शिका कॅथरिन हार्डविकने सगळ्याला निळसर रंग दिलाय, त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी पडदे उघडे ठेवून मोबाईलवर लावलंत तर स्क्रीनवर तुमचंच तोंड दिसेल. लाईट बंद करा, सबटायटल चालू करा, एडवर्ड झालेला रॉबर्ट पॅटिन्सन निम्मं तोंडातल्या तोंडात बोलतो.

आता बघताना काय बघायचं. पुस्तकात बायोलॉजीच्या तासाला रक्तगट तपासतात, बेलाला घेरी येते आणि एडवर्ड तिला उचलून नेतो, तो सीन सिनेमात नाहीच!! मी अजून चिडते. उलट व्हिलनच्या बाबतीत सिनेमा शहाणा निघाला. पुस्तकात तीनशे पानं उलटली तरी जेम्सचा पत्ता नाही, बेसबॉलच्या वेळी एकदम उगवतो, सिनेमात मात्र तो आणि त्याचे दोन व्हॅम्पायर साथीदार आधीपासून माणसं मारत फिरतात, म्हणून दोन तास धाकधूक टिकते. शेवटची मारामारीही तशीच, पुस्तकात बेला तेव्हा शुद्धीत नाही म्हणून आपल्यालाही दिसत नाही, इथे नीट दाखवलीय.

बेसबॉलला फोन बाजूला ठेवा. कलन लोकांचा फटका इतका जोरात बसतो की आवाज लपवायला वर गडगडाट लागतो, म्हणून हे फक्त वादळातच खेळतात, आणि त्यावर म्यूज या बँडचं गाणं. हा सीन पुस्तकापेक्षा भारी झालाय, मी लिहून देते. बेलाचे बाबा चार्ली पण बघा, मुलीचा बॉयफ्रेंड दारात आणि हा बाबा बंदूक साफ करत बसलाय, आपल्याकडे पेपर चाळत बसतात इतकाच फरक. हॉटेलात काउंटरवर लॅपटॉप घेऊन बसलेली बाई दिसेल, ती स्वतः मेयर.

सोबत हसणारा भाऊ असेलच. चमकीवर त्याला हसू द्या, कारण पुस्तकात कुरणात एडवर्ड उन्हात चमकतो तो क्षण वाचताना अंगावर काटा येतो आणि सिनेमात गणपतीच्या मखरातली उरलेली चमकी पोराला फासल्यासारखी दिसते, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. एडवर्ड रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, त्याचीही बाजू घेऊ नका, मी सतराव्या वर्षी घ्यायचे, आता माझ्याच बहिणीच्या खिडकीत कोणी असं दिसलं तर सरळ पोलीस चौकी. पण बेलाच्या चेहऱ्यावर हसला तर पुस्तक त्याच्या हातात द्या आणि सिनेमा थांबवा.

आणि लगेच दुसरा भाग लावू नका. २००९ च्या त्या भागात दिग्दर्शक बदलला, निळा रंग गेला आणि सगळं सोनेरी-तपकिरी झालं, एकामागोमाग बघितलं तर चुकून भलताच पिक्चर लागला असं वाटतं. मध्ये एक आठवडा जाऊ द्या, दुसरं पुस्तक वाचा. एडवर्डच्या तोंडून पहिलीच गोष्ट सांगणारं मिडनाइट सन २०२० ला आलंय, ते मात्र पाचही सिनेमे संपल्यावर.