पावसात गाडी झटके देते, चेक इंजिन लाइट लुकलुकते: माझा अनुभव

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग). पाऊस लागला की म्हापशाहून पणजीला येताना पर्वरीच्या चढावर झटके द्यायची आणि सिग्नलला थरथरायची. एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर क्लीनर टाकला, गॅरेजवाल्याने नुसते प्लग बदलले, फरक शून्य. दोन महिने डोकं पिकलं.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबर सिलिंडरचा मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. इंजिन पूर्ण थंड करून बॅटरीची निगेटिव्ह काढली, कॉइलचं कनेक्टर लॉक दाबून सोडवलं (ओढू नका, प्लास्टिक तुटतं), १० मिमीचा बोल्ट काढून २ ची कॉइल ३ वर आणि ३ ची २ वर टाकली, कोड पुसून गाडी फिरवली तर आता पी०३०३, म्हणजे दोष कॉइलबरोबर तीन नंबरला गेला. कॉइलच खराब, खालच्या रबराला चीर होती आणि प्लगच्या खड्ड्यात ओल.

खड्डा आधी हवेने साफ करा, नाहीतर प्लग काढताना कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. प्लगपण काढून पुसून परत हातानेच पिळून बसवला, शेवटचं टाइट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. प्लग ज्यात बसतो ते सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर मोठा खर्च. मग नवी कॉइल, रबराच्या आत थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल अडवणारं). झटके बंद.